नोटेचा शिष्टाचार

कलावंताला बक्षिसी कशी द्यावी, याचा महाराष्ट्राइतका सखोल विचार क्वचितच कुणी केला असेल. तमाशाच्या फडात दौलतजादा बिनदिक्कत चालायची: नोट पुढे आली की देणाऱ्याचं नाव पुकारलं जायचं आणि ढोलकी कडाडायची. शिस्त म्हणून कसली ती नव्हती.

ती 2016च्या डान्सबार कायद्याने लावली. नोटा उधळायच्या नाहीत, हातातही द्यायच्या नाहीत. बक्षिसी बिलात चढवायची. मसाला पापडाच्या खालच्या ओळीत नृत्याची कदर! जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिलाची अट रद्द केली, उधळण्यावरची बंदी मात्र राखली. तेव्हापासून नोट हातातून हातात गेली तर दाद, हवेतून गेली तर गुन्हा.

आता फक्त हवा कुठे सुरू होते, तेवढं ठरायचं आहे. त्यासाठी प्रत्येक टेबलाशी फूटपट्टी घेतलेला निरीक्षक नेमावा. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांवरून नोट ओवाळणाऱ्या मामांसाठी भरारी पथक, आणि राज्याच्या सीमेपलीकडच्या वरातींसाठी आंतरराज्य समन्वय समितीही हवी.

डान्सबारवरच्या 2005च्या मूळ बंदीतून तारांकित हॉटेलं वगळली होती. तिथल्या नोटांना पडायची रीत उपजतच ठाऊक असावी.