सुभेदारांचं शेवटचं पर्व

फौजेनं त्यांना हवालदार म्हणून घरी पाठवलं. सुभेदारीची बढती सौंसरच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलानं दिली. 1971ची लढाई पश्चिम सीमेवर 3 डिसेंबरच्या संध्याकाळी पेटली आणि 17च्या रात्री आठला थांबली. चौदा दिवस. सुभेदार ती पन्नासावर वर्षं सांगत आहेत.

अमेरिकेत ‘मॅश’ नावाची फौजी विनोदी मालिका होती. कोरियाची लढाई तीन वर्षांची, मालिका मात्र 1972पासून 1983पर्यंत चालली; शेवटचा भाग अडीच तासांचा. मी हे कौतुकानं सांगितलं, तर सुभेदार म्हणाले, ‘‘अकराच वर्षं? मंग त्यायले सांगताच नाही आलं.’’

त्यांचा भाग सुरू होतो तो बशीतला चहा टेबलावर सांडून. ओल्यातून बोट ओढलं की छांबजवळची मुनव्वर तवी नदी तयार. अल्याड आपण, पल्याड ते. चमचा म्हणजे 25 पाउंडर तोफ, बिस्किटं म्हणजे रणगाडे. शत्रूचे रणगाडे सुभेदार चहात बुडवून खातात. आपले वाचतात, ते नातवासाठी खिशात जातात. बिल ऐकणाऱ्याच्या नावावर.

सौंसरातले श्रोते आटले की ते बस धरून पांढुर्ण्याला जातात. तिथं चहा सांडावा लागत नाही. ‘‘आपली जाम नदी घ्या. इकडे पांढुर्णा, तिकडे सावरगाव.’’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत मधल्या झेंड्यासाठी नदीपार दगड भिरकावणाऱ्यांना तोफखाना काय शिकवायचा! एकानं भाबडेपणानं विचारलं, ‘‘मधात झेंडा होता का जी?’’ सुभेदार तडकले. नस दुखरी होती. लढाईतून ते ओरखडा न उमटता परतले. कपाळावरची खोक पडली ती पुढं रजेवर आले तेव्हा, जामच्या पात्रात. परक्या माणसाला ती तवीची म्हणून दाखवतात.

मूळ कथेत ते दारूगोळ्याच्या ट्रकाचे ड्रायव्हर होते आणि ट्रक चिखलात रुतला होता, असं जुनी माणसं सांगतात. 1989ला दूरदर्शनवर ‘फौजी’ लागली, त्या सुमारास ट्रक निघाला. कारगिलनंतर त्यांच्या मेजरसाहेबांनी रात्री उठवून त्यांचा सल्ला घेतला. 2023मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हापासून तेच साहेब कर्नल आहेत.

तोफखान्याचा माणूस म्हणून देवळालीही येतेच. तिथल्या इंग्रजी छावणीतल्या नाटकमंडळीवर बीबीसीनं 1974 ते 1981 अशी आठ पर्वं विनोदी मालिका चालवली. त्या गावात घरच्या जहाजाची वाट पाहून गोरे सोजीर खुळावत. इंग्रजीत खुळ्याला ‘डूलॅली’ म्हणतात ते देवळालीवरूनच. हॉटेलवाल्यानं हा शब्द लगेच उचलला. कथेत अडकून नागपूरची बस चुकवलेलं गिऱ्हाईक दिसलं की तो म्हणतो, ‘‘देवळाली झाला.’’

यंदा पोळा झाला आणि सुभेदारांनी जाहीर केलं : हे शेवटचं पर्व. डॉक्टरांनी जोरात बोलायला मनाई केली होती. बातमी फिरली. एरवी त्यांना पाहून रस्ता बदलणारेही येऊन बसू लागले. संत्र्याचे व्यापारी, बसचे कंडक्टर, सगळे. रोज थोडी थोडी लढाई सरत डिसेंबर उजाडला. 17 तारखेला हॉटेलात बसायला जागा नव्हती.

‘‘आठ वाजले,’’ सुभेदार म्हणाले आणि त्यांनी चमचा उपडा ठेवला. ‘‘तोफा बंद. एवढं चूपचाप, का कानाले सहनच होये ना, बाप्पा. मी ट्रकातच बसून होतो. चिखलात.’’

पन्नास वर्षांनी ट्रक परत चिखलात गेला होता. कुणी हसलं नाही. हॉटेलवाल्यानं गॅस बंद करायला हात लांब केला.

‘‘थांब ना बे,’’ सुभेदारांनी चमचा सुलटा केला. ‘‘लढाई संपली, पण मले सुट्टी केव्हा भेटली ते कुठं सांगितलं?’’