दोन रायफली आणि एक शाकाहारी

वर्षाकाठी फार तर दोन-तीन काडतुसं उडवणारा माणूस रायफल निवडायला किती वेळ घेऊ शकतो? आमच्या शेजाऱ्यानं ईस्टरला सुरुवात केली. ऑक्टोबरात त्याच्या मेपलची पानं गळून रिवाजाप्रमाणे माझ्या अंगणात आली, तरी गाडं दोन नावांवरच अडलेलं होतं: विंचेस्टर मॉडेल 70 की रेमिंग्टन 700. दोन्ही सेकंड-हँड, दोन्ही हातानं बोल्ट ओढून भरायच्या, दोन्हींना काडतूस एकच लागतं. आणि दोन्ही गावाबाहेरच्या एकाच दुकानात, एकाच घडवंचीवर, शेजारीशेजारी उभ्या.

यात मी कुठून आलो, असं कुणीही विचारील. मी कागदाच्या गिरणीतल्या यंत्रांच्या नोकरीपायी विस्कॉन्सिनमधल्या ॲपल्टनला येऊन रुजलेला, केकमधलं अंडं सोडलं तर शाकाहारी, सिंधुदुर्गातला माणूस. पण नेमकी तीच माझी लायकी ठरली. "तू निःपक्ष आहेस," शेजारी म्हणाला. "बाकीच्यांना विचारण्यात अर्थ नाही. ते सगळे आधीच कुठल्या ना कुठल्या बाजूचे आहेत." पंच म्हणून नेमणूक होण्यासाठी खेळ न कळणं ही पात्रता पुरते, हे मला पहिल्यांदाच कळलं.

इथे नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या शनिवारी पहाटे पेट्रोलपंपावर भगव्या-नारिंगी जाकिटांची अशी गर्दी उसळते की क्षणभर आपण वारीत आलो की काय असं वाटावं. अंगावर भडक नारिंगी हवंच, असा कायदा आहे. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. माणसानं माणसाला हरीण समजू नये एवढाच त्यामागचा हेतू. हरणाला हे रंग म्हणे नीट दिसतही नाहीत. त्याचं लक्ष एरवीही आमच्या बायकांनी लावलेल्या होस्टाच्या रोपांवर असतं. गावाच्या हद्दीत बंदूक चालवता येत नाही, त्यामुळे आम्ही दोघं मागच्या पायरीवर रायफलींची चर्चा करत असताना एक मादी आणि तिची दोन पिल्लं समोरचा वाफा साफ करत आहेत, हे दृश्य उन्हाळाभर नेहमीचं होतं.

दुकानात गेलो त्या दिवशी काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं दोन्ही रायफली खाली काढल्या. पहिली गोष्ट त्यानं केली ती मला फार आवडली. बोल्ट उघडला, आत डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळी घालून चाचपलं, आणि मगच रायफल शेजाऱ्याच्या हातात दिली. शेजाऱ्यानंही, ते सगळं समोर पाहिलेलं असून, पुन्हा तेच केलं. यात कुणाचा अपमान झाल्याचं दिसलं नाही. रिकाम्या बंदुकीवर विश्वास ठेवायचा नसतो, ही इथली संध्या आहे आणि ती प्रत्येकानं आपापली करायची असते.

विंचेस्टर 1950 च्या दशकातली. अक्रोडाचा दस्ता हातांच्या घामानं काळपटलेला, नळीवरची निळी झाक कडांना उडालेली. रेमिंग्टन 1970 च्या दशकातली, त्यांच्या भाषेत 'बीडीएल': दस्त्यावर वार्निशची चकाकी, पुढच्या टोकाला काळी टोपी आणि टोपीखाली एक पांढरी रेघ. किंमत विंचेस्टरची जवळजवळ दुप्पट. मला उघडच वाटलं की चकाकणारी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत थंडीचे चांगले बूट घ्यावेत. पण पंचानं इतक्या लवकर बोलायचं नसतं.

मग माझं शिक्षण सुरू झालं. मॉडेल 70 च्या बोल्टच्या कडेनं एक लांब पोलादी पट्टी जाते आणि तिच्या टोकाला नखासारखी आकडी असते. बोल्ट पुढे सारला की खालून वर येणाऱ्या काडतुसाचं बूड या आकडीखाली सरकतं. तिथून ते नळीत जाऊन, उडून, रिकामं होऊन बाहेर पडेपर्यंत आकडी त्याला सोडत नाही. रेमिंग्टनमध्ये बोल्ट काडतुसाला मागून नुसता ढकलत नेतो. पकड बसते ती दार पुरतं लागल्यावर. इथपर्यंत माझ्यातल्या यंत्रवाल्याला सगळं कळलं.

"पण फरक कधी पडतो?" मी विचारलं.

"घाबरल्यावर," शेजारी गंभीरपणे म्हणाला. घाबरलेला माणूस बोल्ट अर्धाच पुढे सारतो, मागे खेचतो, पुन्हा पुढे मारतो. रेमिंग्टनमध्ये तेव्हा पहिलं काडतूस आत तसंच पडलेलं असतं आणि दुसरं त्याच्या पाठीत घुसून रस्ता तुंबतो. विंचेस्टर पहिल्याला ओढून बाहेर टाकते आणि दुसऱ्याला आत घेते.

"आणि इतकं घाबरायचं कशाला?"

"अस्वल अंगावर आलं तर!"

विस्कॉन्सिनच्या उत्तरेला काळी अस्वलं आहेत, पण ती माणसाचा सुगावा लागताच बहुधा आपणच पाय लावून पळतात, आणि नोव्हेंबरअखेरीस बहुतेक झोपलेली असतात. हे मी नम्रपणे मांडलं. "आणि उद्या अलास्काला गेलो तर?" तो म्हणाला. सत्तरीला टेकलेला हा गृहस्थ गेली कित्येक वर्षं मुलीकडे शिकागोला जायचं म्हटलं तरी गुडघ्याचं कारण सांगतो. मी हसणारच होतो. पण दुकानाबाहेर माझी डोंगरदऱ्यांसाठी बनवलेली फोर-व्हील-ड्राइव्ह उभी होती, आणि तिनं आजवर केलेलं सर्वांत मोठं धाडस म्हणजे कढीपत्ता आणायला मिलवॉकीपर्यंत जाणं. मी गप्प बसलो.

गप्पच राहायला हवं होतं. पण या आकडीचं मूळ निघालं 1898 सालच्या माउझर रायफलीत, जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या कारखान्यात. अमेरिकी लष्करानं 1903 ची आपली स्प्रिंगफील्ड रायफल घडवताना माउझरकडून इतकं उचललं की पुढे त्यापायी दोन लाख डॉलर मोजावे लागले. हे ऐकल्यावर मला राहवलं नाही. मी सांगितलं की आमच्याकडे जिम कॉर्बेट म्हणून एक होता, त्यानं 1907 साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तिच्या नावावर 436 माणसांचे बळी सांगतात, आणि त्याबद्दल त्याला जी .275 रिग्बी रायफल बक्षीस मिळाली तिचा बोल्टही माउझरचाच. शेजाऱ्यानं विंचेस्टरकडे अशा नजरेनं पाहिलं की माझा निःपक्षपणा तिथेच थोडा झिजला.

तराजू सारखा करायला काउंटरवरचा म्हातारा पुढे आला. तो रेमिंग्टनवाला. 1962 साली आलेल्या या 700 मागे माइक वॉकर नावाचा इंजिनिअर होता आणि तो स्वतः टेबलावर रायफल टेकवून सुईच्या नेमानं भोकं पाडण्याच्या स्पर्धा खेळणारा. रायफलीचा मधला भाग त्यानं गोल ठेवला, लोखंडाच्या कांबेतून लेथवर काढता येईल असा. त्यामुळे खर्च कमी आणि सरळपणा जास्त. काडतुसाच्या बुडाभोवती बोल्टची कड, तिच्याभोवती नळी, तिच्याभोवती मधला भाग, अशी पोलादाची तीन कडी. अमेरिकी सैन्याच्या आणि मरीन दलाच्या लपून नेम धरणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वापरल्या त्या रायफली या 700 वरूनच बेतलेल्या. "स्वस्त आहे म्हणून हिणवतात," म्हातारा म्हणाला, "पण लागते कुठे ते बघा." लेथवर आयुष्य गेल्यामुळे माझं मन इकडे ओढलं गेलं हे कबूल करायला हवं. जे सोप्यात होतं ते अवघड करून दाखवण्यात मला कधी शौर्य वाटलेलं नाही.

पण विंचेस्टरवाल्यांच्या काळजाला लागलेलं दुखणं निराळंच. मॉडेल 70 आली 1936 साली. हातकाम इतकं, की पुढे परवडेना. म्हणून 1964 मध्ये कंपनीनं ती आकडी काढून टाकली, दस्त्यावरची कोरीव नक्षी दाबून उमटवली आणि खर्च खाली आणला. गिऱ्हाइकं इतकी खवळली की जुन्या रायफलींचे भाव वर गेले ते आजतागायत उतरलेले नाहीत. 'चौसष्टच्या आधीची' असं इथले लोक ज्या सुरात म्हणतात तो सूर मी फक्त आपल्याकडे जुन्या नाटकांबद्दल बोलणाऱ्यांकडून ऐकला आहे. आकडी कंपनीनं पुढे परत आणली; पण एकदा तुटलेलं मन ते तुटलेलंच. आणि गंमत अशी की ज्या घराण्यांसाठी ही भांडणं, ती घराणी आता जागेवर नाहीत. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना 2006 साली बंद झाला आणि मॉडेल 70 दुसऱ्यांच्या कारखान्यात बनू लागली. 1816 पासून चालत आलेली रेमिंग्टन 2018 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि तिचं इलियनचं मूळ घर 2024 साली बंद झालं. भक्त मात्र जागच्या जागी आहेत.

आमच्या सिंधुदुर्गात हा असला प्रश्न कधी उभाच राहिला नाही. गावात असायची ती ठासणीची बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. नळीच्या तोंडातून दारू घालायची, गजानं ठासायची, आणि रानडुक्कर तोवर थांबेल अशी आशा करायची. निवडणूक जाहीर झाली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. आचारसंहिता डुकरांना आणि माकडांना लागू नसल्यामुळे तेवढ्या दिवसांत ती प्रचार उरकून घेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार तर बंदच झाली. आणि रायफल म्हणावी तर ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .315, कारण लष्कराचं .303 काडतूस सामान्य माणसाला वर्ज्य. 'ही की ती' नव्हतंच. 'परवाना मिळेल का' एवढंच होतं. निवडीचं सुख म्हणतात ते मी इथे, दुसऱ्याच्या पैशानं, प्रथमच भोगत होतो.

शेजाऱ्यानं आता खिशातून जाड हातमोजे काढले. त्या गरम दुकानात ते चढवून त्यानं दोन्ही रायफली पुन्हा हाताळल्या. विंचेस्टरचा सुरक्षेचा खटका बोल्टच्या शेपटावर, तीन जागांचा. मधल्या जागी ठेवला तर चाप बंद राहून बोल्ट उघडतो, म्हणजे काडतुसं निर्धास्त काढता येतात. त्या काळच्या रेमिंग्टनमध्ये खटका लावला की बोल्टही अडकतो; रिकामी करायची तर खटका काढावाच लागतो. कंपनीनं हे 1982 साली बदललं, पण ही त्याआधीची. चाप मात्र आधीच्या मालकानं नवा बसवून घेतला होता. त्या जुन्या चापांवरून अमेरिकेत पुष्कळ खटले झाले आहेत.

मग त्यानं खोटी काडतुसं भरून बोल्ट ओढून दाखवला. रेमिंग्टनच्या बोल्टमध्ये स्प्रिंग असते. हळू ओढा नाहीतर जोरात, काडतूस टणकन उडून पार काउंटरपलीकडे. विंचेस्टरचा बोल्ट त्यानं सावकाश मागे घेतला, आणि ते पितळी काडतूस कलंडून त्याच्या तळहातावर आलं. जोरात ओढला तेव्हा तेही उडालं. म्हणजे तुमची जशी मनःस्थिती, तसं तिचं वागणं.

"बोल आता," शेजारी म्हणाला.

मी सांगितलं, की दोन्हींतून तेच .30-06 काडतूस जाणार, सुमारे दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास वेगानं निघणार, आणि तुझ्या जंगलात हरीण दिसतं ते बहुधा शंभर यार्डांच्या आत. तेव्हा नेमाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच, म्हणजे तुझाच. पण विचारतोसच तर विंचेस्टर घे. खटका शहाणा आहे, आणि वापरलेली वस्तू इकडेतिकडे न फेकता हातात आणून देणारं यंत्र मला सभ्य वाटतं.

माझं बोलणं त्यानं फार लक्षपूर्वक ऐकलं. मान डोलावली. म्हाताऱ्याकडे वळून सरकारी फॉर्म मागवला आणि रेमिंग्टन घेतली.

गाडीत बसल्यावर त्यानं मनापासून माझे आभार मानले. तू विंचेस्टर म्हणालास, त्या क्षणी मला स्वच्छ कळलं की मला दुसरी हवी आहे, म्हणाला. इतके महिने कुणाच्या बोलण्यानं हे झालं नव्हतं. माझी कीर्ती त्याच्या शिकारी मंडळीत पसरली आहे असं दिसतं. परवा त्याचा मेहुणा येऊन बसला. त्याला .270 घ्यावी की .30-06, हे कळत नाही. 1925 साली आलेल्या .270 चे गुण तो अर्धा तास सांगत होता, आणि .30-06 चं नाव निघालं की आवाज खाली जात होता. मी त्याला .30-06 घे म्हणून सांगणार आहे.