सोमवारी हिंजवडी, रविवारी ट्रॅक: नवशिक्यांसाठी टायरखरेदी

अभिनंदन! शोरूममधून आलेले टायर अजून निम्मे शिल्लक असताना तुम्हाला नवे घ्यावेसे वाटतायत, म्हणजे छंद योग्य मार्गाला लागलाय. तुम्हाला एकच संच हवाय. सोमवार ते शुक्रवार तो हिंजवडीच्या रांगेत उभा राहील, शनिवारी आईला दातांच्या डॉक्टरकडे नेईल आणि वर्षातून एखाद्या रविवारी ट्रॅकवर भल्याभल्यांना मागे टाकेल. असा टायर अजून कोणी बनवलेला नाही. पण हिरमुसू नका, दुकानदाराकडे त्याचे चार प्रकार स्टॉकमध्ये आहेत.

पुढच्या पायऱ्या क्रमानेच घ्या. मधली एखादी गाळलीत तर चुकून पैसे वाचतील.

१. आधी टायर घ्या, ट्रॅक मग बघू.

एकदाही ट्रॅकवर न जाता ट्रॅकचा टायर घेणं ही या छंदाची जुनी परंपरा आहे, ती मोडू नका. आधी जाऊन आलात तर घोळ होतो. शेजारी बसलेला प्रशिक्षक पहिल्या दहा फेऱ्यांतच सांगून टाकतो की गाडी वळणाबाहेर जाते याला टायर जबाबदार नाही. तुम्ही ब्रेक उशिरा मारता, मग घाबरून स्टिअरिंग आणखी पिळता, आणि पुढची चाकं बिचारी सरळच जातात. एवढं कळल्यावर खरेदीत काय राम राहणार?

२. ट्रॅक लांबचाच निवडा आणि हिशेब घरात बोलू नका.

जवळचा ट्रॅक निवडलात तर कौतुक कोण करणार? ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आहे, ५.१२५ किलोमीटरचं, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली. चेन्नईबाहेर इरुंगट्टुकोट्टईला मद्रासचा ट्रॅक आहे, साधारण ३.७ किलोमीटरचा. नवशिक्याने मात्र कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे धरावा. एस. करिवर्धन या उद्योजक-रेसरच्या नावाचा हा ट्रॅक, लांबी जेमतेम २.१ किलोमीटर. कोल्हापूर वाटेतच लागतं आणि तिथेही ट्रॅक आहे, पण तो कार्टिंगचा. तुमची हॅचबॅक त्यांना नको.

आता हिशेब. पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं, एका फेरीला दीड मिनिट, म्हणजे दिवसाकाठी ४० फेऱ्या, ८४ किलोमीटर. पुण्याहून कोइम्बतूर जाऊन-येऊन साधारण २,४०० किलोमीटर. थोडक्यात, खास ट्रॅकसाठी घेतलेला टायर ट्रॅकच्या अठ्ठावीसपट अंतर कराड, हुबळी आणि तुमकूर बघत झिजतो. हा आकडा स्वतःजवळच ठेवा.

३. टायरच्या अंगावरचं वाचायला शिका.

दुकानात शिरल्या शिरल्या गुडघ्यावर बसून साइडवॉलवर बोट फिरवा. भाव कमी होत नाही, पण चहा येतो. समजा लिहिलंय: १९५/५५ आर१६ ८७व्ही. रुंदी १९५ मिलिमीटर. साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १६ इंची रिम. ८७ या आकड्याचा अर्थ एका टायरवर ५४५ किलोपर्यंत भार, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. हा २४० मित्रांना आवर्जून सांगा. एक्स्प्रेसवेला कारची मर्यादा १०० आहे आणि घाटात ६०, हे त्यांना ठाऊक असतं, पण चांगले मित्र असल्या वेळी गप्प बसतात.

(हे अक्षर निव्वळ फुशारकीचं नाही. वेग वाढला की टायर तापतो, आणि किती तापलेलं त्याला सोसेल हेच ते अक्षर सांगतं. कंपनीने व्ही दिला असेल तर स्वस्तातला टी गळ्यात पडू देऊ नका.)

साइडवॉल कमी हवी म्हणून ५५ चा ४५ करायचा मोह होईल. जरूर करा. वळणात गाडी कशी चटकन वळते बघा. मग घराजवळच्या त्या स्पीडब्रेकरवर जा, जो नगरसेवकाने बांधला, रंगवला मात्र कोणीच नाही. आठवड्याभरात टायरला लिंबाएवढा फुगा येईल. साइडवॉलचा फुगा दुरुस्त होत नाही, टायर फेकावाच लागतो. म्हणजे पुन्हा खरेदी!

४. ट्रेडवेअरचा आकडा पाठ करा.

या छंदात माणसाची पत २०० या आकड्यावरून ठरते. ट्रेडवेअर ही अमेरिकी पद्धत: टायर टेक्सासमधल्या रस्त्यांवर ७,२०० मैल चालवायचा, संदर्भाच्या टायरशी तुलना करायची, आणि त्याचे १०० धरले तर याचे किती ते लिहायचं. आकडा जेवढा लहान तेवढं रबर मऊ, तेवढी पकड जास्त आणि तेवढा टायर लवकर गोटा. तुमच्या गाडीच्या रोजच्या टायरवर बहुधा तीनशेच्या वरचा काहीतरी आकडा सापडेल. तो झाका.

मौज पुढे आहे. हा आकडा कंपनी स्वतःच स्वतःला देते. अमेरिकेतल्या हौशी शर्यतींनी 'निदान २०० हवा' असा नियम केला, आणि बघता बघता कितीतरी चिकट टायरांवर बरोब्बर २०० छापून यायला लागलं. आपल्याकडे वर्गात ३५ ला पास असतं तेव्हा नेमके ३५ कितीजणांना पडतात, हे शिक्षकांना विचारा.

५. मिळत नाही तेच मागा.

योकोहामाचा अ‍ॅडव्हान निओव्हा, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा आरई-७१आरएस, मिशलिनचा पायलट स्पोर्ट कप २ ही नावं घोकून ठेवा. ती उच्चारली की दुकानदाराचा चेहरा लग्नात न ओळखलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा होतो. जून २०२० पासून कारच्या नव्या टायरांची आयात सरकारने निर्बंधित यादीत टाकली आहे, शिवाय आयएसआयचा शिक्का लागतो. त्यामुळे तुमच्या पंधरा-सोळा इंची रिमला बसणारा असला टायर इथे मिळणं म्हणजे नशीबच. मग पुढचा संवाद होतो.

"हा बघा साहेब, हा पण स्पोर्टच आहे."

"कशावरून?"

"नावातच लिहिलंय ना."

घ्या तो. मात्र घेण्याआधी साइडवॉलवरचे ते चार सुटे आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात काढलेल्या टायरबद्दल "साहेब, माल कालच आलाय" असं सांगतील. ते खोटं बोलत नाहीत. दुकानात तो कालच आलाय.

६. उष्णतेशी मैत्री करा.

इथे जरा थांबू, कारण 'दोन्हीला चालेल' हे स्वप्न नेमकं इथे फाटतं. ट्रॅकच्या टायरचं रबर चांगलं तापल्यावर चिकटतं. ७०-८० अंशांच्या पुढे त्याला खरी गोडी वाटते. रोजचा टायर उलटा. तो थंडीत, पावसात, डिसेंबरातल्या दवात, कसाही पहिल्या वळणापासून काम करतो, पण ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीला तापून लोण्यासारखा घसरायला लागतो. नव्या टायरवरचे रबराचे उंच ठोकळे जास्तच वाकतात आणि जास्तच तापतात, म्हणून ट्रॅकवर नवाकोरा टायर अर्ध्या झिजलेल्यापेक्षा लवकर हार मानतो. परदेशात काही लोक नवे टायर मुद्दाम तासून घेतात. हे वडिलांना सांगू नका.

तेव्हा तुमचा मार्ग सोपा. ट्रॅकचे टायर, म्हणजे सेमी-स्लिक, बसवलेत तर जानेवारीत सकाळी सातला, पुण्यात १०-१२ अंश असताना, पहिल्या सिग्नलपर्यंत टायर झोपेत आहेत असं समजून चालवा. जुलैत चालवूच नका. पाणी बाहेर फेकायला खोबण्या लागतात आणि तुम्ही त्या जेमतेम असलेला टायर जास्त पैसे देऊन आणलाय. साचलेल्या पाण्यावर तो तरंगतो, आणि तरंगत्या गाडीचं स्टिअरिंग अगदी हलकं लागतं. नवशिक्याला वाटतं, पॉवर स्टिअरिंग सुधारलं.

उलट, रोजचे टायर ट्रॅकवर नेलेत तर पुढच्या दोन टायरांची बाहेरची कड बघा. मुलीच्या पाटीवरचा खडू घेऊन कडेवरून साइडवॉलपर्यंत रेघ ओढून ठेवा. सत्र संपवून आलात की रेघ कुठवर पुसली गेली ते दिसेल. साइडवॉलपर्यंत गेली असेल तर टायर कुशीवर झोपून वळणं घेत होता. कडेला रबराचे खवले उठलेले असतील, मध्ये दुसऱ्यांच्या टायरांच्या गोळ्या चिकटलेल्या असतील. परतीच्या वाटेवर त्या सुटून मडगार्डवर टपटप आपटतील. बेअरिंग गेलं म्हणून सेलमला मेकॅनिक शोधू नका.

७. हवा सोडा, आणि भरायला विसरा.

थंड टायरमध्ये ३३ पीएसआय भरून ट्रॅकवर उतरलात की पंधरा मिनिटांत ४० च्या आसपास जाते. साधारण दर साडेपाच अंशांना एक पीएसआय वाढतो. टायर मधोमध फुगतो आणि रस्त्याला कमी टेकतो. म्हणून अनुभवी मंडळी पिटमध्ये येताच व्हॉल्व्हची पिन दाबून फुस्स करतात. तुम्हीही करा, अगदी तज्ज्ञ दिसता.

पुढे संध्याकाळी टायर निवतात आणि तीच हवा २६-२७ वर येते. सामान भरा, दोन मित्र मागे बसवा आणि तशीच गाडी बेंगळुरूच्या रस्त्याला लावा. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला दुमडतो, आतून भाजत राहतो आणि मग फुटतो. फुटला की सिमेंटच्या रस्त्याला शिव्या द्या, सगळे देतात. एरवी पंपावर दोन मिनिटं थांबून हवा भरता येते, पण त्यात कसलं कौशल्य?

८. नायट्रोजन भरा. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच, पण त्या हवेच्या टोप्या हिरव्या नसतात.

९. शेवटी दुसरा संच घ्याच.

सगळे जाणकार अखेर इथेच येतात: रस्त्याला एक संच, ट्रॅकला दुसरा. सल्ला रास्त आहे. फक्त ट्रॅकचे चार टायर रिमसकट ठेवायचे कुठे? बाल्कनीत ठेवलेत तर तुळस अंधारात जाते. पार्किंगमध्ये ठेवलेत तर आठवड्यात सोसायटीची नोटीस लागते: 'सामायिक जागेत भंगार ठेवू नये.' पलंगाखाली मावतात, पण खोलीला जो वास येतो त्याचा खुलासा झोपायच्या वेळी करावा लागतो.

नेताना मागची सीट पाडा; चारही मावतात. मित्र मावत नाहीत, हा त्यातल्या त्यात फायदा. पोचल्यावर जॅक, पाना, चाकं काढा, चाकं घाला, टॉर्क रेंचने नट आवळा, आणि संध्याकाळी थकल्या हातांनी पुन्हा तेच. इतरांना वाटतं तुमचा संघ आहे.

१०. घरच्यांना 'सेफ्टी' सांगा, विमा कंपनीला काहीच सांगू नका.

"चांगल्या टायरने ब्रेक लवकर लागतो" हे वाक्य घरात वापरा. ते खरं आहे, आणि म्हणूनच त्यावर कोणी वाद घालत नाही. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग तळहाताएवढा असतो, अख्खं कुटुंब अशा चार तुकड्यांवर चाललंय, असंही जोडा. सासरे गप्प होतात.

विम्याची पॉलिसी मात्र चुकूनही वाचू नका. 'वापराच्या मर्यादा' या मथळ्याखाली आयोजित शर्यती, वेगचाचणी वगैरे वगळल्याचं तिथे बारीक अक्षरात असतं. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च तुमचा, आणि भिंतीचाही तुमचाच.

या दहा पायऱ्या झेपत नसतील तर एक भित्रा, कंजूष मार्ग उरतो. जाणकार तो कुजबुजत सांगतात, कारण त्यात कोणाचीच विक्री होत नाही. पहिल्या ट्रॅक डेला गाडीला जे टायर आहेत तेच न्या. कायद्याची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. तुमची तीन-चार असेल, कुठे कट नसेल, फुगा नसेल, तर ते टायर सध्या तुमच्यापेक्षा चांगले आहेत. वाचलेल्या पैशांत ब्रेक फ्लुइड बदलून घ्या आणि एक दिवस प्रशिक्षक लावा. निघण्याआधी चारही चाकांची हवा गार असताना तपासा. आणि जमलं तर स्टेपनीचीही. ती गाडी घेतली त्या दिवशी भरलेली आहे.