अभियंत्याने ताळेबंदात उडी घेण्यापूर्वी

अप्रेझलचं पत्र हाती पडलं की अभियंत्याला फायनान्सची हाक ऐकू येऊ लागते. हा निर्णय रागाच्या भरात घेऊ नये, शास्त्रशुद्ध घ्यावा. त्याची कृती पुढीलप्रमाणे.

पायरी पहिली : नातेवाइकांचा सल्ला घ्यावा, म्हणजे तो एकदाचा उरकतो. ‘सीए’ म्हटलं की काका स्वतःचं रिटर्न पुढे करतात. ‘सीएफए’ म्हटलं की “म्हणजे सीएच ना?” असं विचारतात. फरक उमेदवाराला स्वतःला सांगता येतो का, ते इथेच तपासून घ्यावं. सीएचा व्यवसाय १९४९च्या कायद्याने बांधलेला आहे आणि भारतात कंपनीच्या ऑडिट रिपोर्टवर सही त्याचीच चालते. सीएफए ही अमेरिकी संस्थेची, गुंतवणुकीच्या विश्लेषणासाठीची सनद. ती मिळवून कोट्यवधींचा फंड सांभाळता येईल, पण ऑडिटवर सही करता येणार नाही.

पायरी दुसरी : कॅलेंडर उघडावं. पदवीला ६० टक्के असतील तर सीएचं फाउंडेशन टळतं आणि थेट इंटरला प्रवेश मिळतो. एवढ्यावर हुरळू नये. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपला एकूण ५० टक्के लागतात. तिन्ही पेपरांत ४५-४५ मिळवणारा गडी एकाही विषयात न अडकता अख्ख्या ग्रुपमध्ये नापास होतो! शिवाय दोन वर्षांची आर्टिकलशिप. कालपर्यंत दहा जणांची टीम हाकणाऱ्याने बावीस वर्षांच्या सीनिअरच्या हाताखाली व्हाउचरांवर टिका मारायच्या, गोदामात पोती मोजायची. मिळणार स्टायपेंड, गृहकर्जाचा हप्ता मात्र पूर्ण जाणार.

पायरी तिसरी : नोकरी सोडवत नसेल तर सीएफएकडे वळावं. तीन लेव्हल, प्रत्येकीला सुमारे ३०० तासांचा अभ्यास. जुलै २०२१मध्ये पहिल्या लेव्हलला शंभरात २२ जण पास झाले होते. पुढे निकाल सुधारला, तरी बहुमत नापासांचंच राहिलं. तिन्ही लेव्हल पार करूनही सनदेसाठी गुंतवणुकीच्या निर्णयांशी संबंधित ४,००० तासांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो.

पायरी चौथी : कॅल्क्युलेटर विकत घ्यावा. सीएफएच्या परीक्षेत दोनच प्रकारचे चालतात. त्यातल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘बीए टू प्लस’वर २ + ३ × ४ दाबलं, की मूळ सेटिंगमध्ये उत्तर येतं २०. आधी गुणाकार, मग बेरीज, हे पाचवीपासून घोकलेल्या अभियंत्याला इथे पहिला धक्का बसतो. सेटिंग बदलता येतं.

पायरी पाचवी, आणि ही फुकट : कोणत्याही सूचीबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि रविवारी दुपारी जेवण झाल्यावर उघडावा. अध्यक्षांचा हसरा फोटो ओलांडून थेट ताळेबंदाच्या मागच्या टिपांवर जावं. संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार वाचताना ‘संचालकाच्या मेहुण्याचीच जागा भाड्याने का?’ असा प्रश्न पडला आणि उत्तरासाठी मागच्या वर्षीचाही अहवाल उघडला गेला, तर फॉर्म भरावा. तिसऱ्या टिपेवर डुलकी लागली, तर परीक्षेचं शुल्क वाचलं आणि झोपही झाली.