दोन इंचांची बोंबाबोंब

अहो, हद्द झाली. गोठ्याची निखळलेली फळी ठोकायला सांगितली तर ‘उद्या बघू’ म्हणणारा पोरगा परवा पहाटे उठून, आंघोळ करून नगरला गेला आणि गाडीच्या चारी स्प्रिंगा बदलून आला. चांगल्या, नव्याकोऱ्या, कंपनीच्या स्प्रिंगा! सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. का बदलल्या, तर गाडी बुटकी दिसत होती. महिंद्राने नाशिकच्या कारखान्यातून २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स देऊन धाडलेली थार आमच्या उमापुरात आल्यावर बुटकी ठरली.

हा एकटाच असता तर ‘नाद आहे एकेकाचा’ म्हणून सोडून दिलं असतं. पण चकलांब्याच्या पाव्हण्याने केलं म्हणून ह्याने केलं, ह्याने केलं म्हणून ह्याच्या चुलत्याच्या पोराने केलं, आणि आता चौथा गेवराईला हप्त्याची चौकशी करून आलाय. गाडीच्या नव्हे, स्प्रिंगांच्या हप्त्याची! एखादी सून लग्नात उंच टाचेच्या चपला घालून आली की आठवडाभर तोंडाला पट्टी न लावणारी हीच माणसं. गाडीला टाचा चढवल्या की मात्र ‘सस्पेन्शन अपग्रेड’.

पारावर त्यावरून जी जुंपते, ती ऐकण्यासारखी असते. कपाशीचा भाव, उसाची तोड, पोराचं शिक्षण, सगळं बाजूला. प्रश्न एकच: दोन इंच का तीन इंच? बरं, बोलणाऱ्यांत निम्मे असे की त्यांच्याकडे अजून सायकलसुद्धा नीट नाही. पण ओल्ड मॅन इमू ऑस्ट्रेलियाची, बिलस्टीन जर्मनीची, प्रोफेंडर थायलंडची, हे त्यांना तोंडपाठ. शेजारच्या तालुक्यातली सोयरीक आठवायला बोटं मोजावी लागतात.

जुनी खोडं गालात हसतात, आणि त्यांनी हसावंच. उंचीचा नाद ह्या पोरांनी शोधला असं कुणी समजू नये. कमांडर आणि ट्रॅक्स काळी-पिवळी होऊन ह्याच रस्त्यांवर धावायच्या, तेव्हा आत किती, टपावर किती आणि मागे लटकलेले किती, ह्याचा हिशेब फक्त क्लीनरला ठाऊक. एवढं ओझं घेतल्यावर गाडी बसायची. मग मिस्त्रीकडे जाऊन मागे स्प्रिंगेचा एक पाटा वाढवायचा. झाली गाडी उंच! रिकामी धावली की आतल्या माणसाचं डोकं टपाला लागायचं, भरली की सरळ चालायची. तेव्हा कुणी फोटो काढला नाही, कारण ते पोटासाठी होतं. २०१० साली थार आली तीही मागे पाट्यांचीच. २ ऑक्टोबर २०२० ला नवी आली, तिने पाटे टाकले आणि चारी बाजूंना गुंडाळीच्या स्प्रिंगा घेतल्या. खरी भानगड तिथून सुरू झाली. पाटा वाढवायला लोहार चालायचा, स्प्रिंग निवडायला अक्कल लागते.

आणि अक्कल कुठे खर्च होते बघा. स्प्रिंगा विकणारा पहिला प्रश्न विचारतो, गाडीवर कायमचं वजन किती? अगदी रास्त प्रश्न. ह्या स्प्रिंगा ज्या ऑस्ट्रेलियात घडल्या तिथली माणसं पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच, मागे पाण्याची टाकी, टपावर तंबू असा संसार घेऊन वाळवंटात जातात. म्हणून त्यांच्याकडे एकाच गाडीला हलक्या, मध्यम, जड अशा वेगवेगळ्या स्प्रिंगा मिळतात. आमचा गडी काय सांगतो? ‘सगळं बसवायचंय भाऊ, जडच द्या.’ बंपर नाही, विंच नाही. पुढे लोखंडी बुलबार लावायला केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केलीय, ते तर ह्याच्या गावीही नाही. गाडीवर कायमचं वजन म्हणजे हा स्वतः, एक मोबाइल आणि गुटख्याची माळ. जड स्प्रिंग वजनाशिवाय दबत नाही. मग उमापूर ते गेवराई प्रत्येक गतिरोधकावर गाडी कुल्ह्यावर उडते, मागे बसलेली आई ‘बया बया’ करते आणि चिरंजीव म्हणतात, ‘ऑफ-रोडला असंच लागतंय.’ गाडी डांबरावर आहे हो!

त्याच्याही वरचढ एक जण निघाला. स्प्रिंगांचा पूर्ण संच लाखाच्या घरात जातो म्हटल्यावर ह्याने काय केलं, तर जुन्याच स्प्रिंगांवर गुटके ठेवले. गुटके म्हणजे स्पेसर. पॉलियुरेथेनचे नाही तर ॲल्युमिनियमचे जाड गोल. काम थोडक्यात, गाडी उंच, पैसा वाचला, आणि पारावर छाती काढून बसायला मोकळा. चार दिवसांनी खड्ड्यातून चाक खाली गेलं की ‘ठक्’. पुन्हा खड्डा, पुन्हा ‘ठक्’. पोरं म्हणाली बोल्ट ढिला असेल. बोल्ट कसला ढिला! शॉकअप जुन्याच लांबीचा, आणि गाडी दोन इंच वर. चाक खाली लोंबकळलं की दांडा पार बाहेर येऊन टोकाला आपटतो. प्रत्येक खड्ड्याचा मार तो बिचारा शॉकअप अंगावर घेत बसला. असा किती दिवस टिकणार?

आता शॉकअपचं कुणी नाव काढत नाही, हा तर खरा लाजिरवाणा प्रकार. उंची दिसते ती स्प्रिंगेची, म्हणून कौतुक स्प्रिंगेचं. पण स्प्रिंगेला काय, दाबली की दबते, सोडली की उसळते, आणि आवरलं नाही तर उसळतच राहते. तिला आवरायचं काम आत तेलात बुडालेला दट्ट्या करतो. तेल बारीक भोकांतून रेटलं जातं, उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. स्प्रिंग ताठ घेतली तर तिची परतीची उसळही दांडगी. शॉकअपला ती परतताना धरता आली पाहिजे. जुना शॉकअप तिला पुरत नाही, मग गाडी पाण्यावरच्या नावेगत डोलते. स्वस्तातला शॉकअप खडबडीत रस्त्यावर तासभर दामटला की आतलं तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि मग दट्ट्या फेसातून फिरतो. म्हणून चांगल्यांत नायट्रोजन भरलेला असतो. एकाच नळीचा घ्यावा की दोन नळ्यांचा, ह्यावर पुण्या-मुंबईत रात्र-रात्र वाद चालतात. एक नळीवाला लवकर थंड होतो, पण बाहेरून दगड लागून नळी चेपली की दट्ट्या अडकतो. दोन नळ्यांचा तो मार सोसतो. आमच्याकडे हा वाद ‘लाल घ्यावा की पिवळा’ एवढ्यावर येऊन मिटला. लाल घेतला. गाडी पांढरी आहे ना.

मी काही तिथे नव्हते, पण दुसऱ्या एका गाडीचा गॅरेजातला सगळा प्रकार एकाने सांगितला आणि सांगताना मिस्त्रीची नक्कलही केली. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत. मागचा शॉकअप खालून सोडला तसा अख्खा ॲक्सल हातभर खाली आला आणि जुनी स्प्रिंग हाताने ओढून काढली. नवी बसवताना खटपट झाली, पण बसली. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातोय का ते मिस्त्रीने बोटाने चाचपलं, एवढं शहाणपण दाखवलं. मग गडबड झाली. घाईघाईत सगळे बोल्ट तिथेच, चाकं हवेत असतानाच आवळले. त्या बोल्टांत रबरी बुश असतात. चाक लोंबकळताना बुश आवळला की त्याला तीच जागा आपली वाटते. गाडी खाली ठेवली की रबर पिळवटून बसतं, ते कायमचंच. बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. महिन्याभरात बुश फाटले आणि शिव्या कुणाला, तर ऑस्ट्रेलियाला!

उंची मोजायची रीतही ऐका. पोरगं टेप घेऊन जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजतं आणि अडीच इंच जास्त भरले म्हणून पेढे वाटतं. त्यात टायरमध्ये हवा किती भरली तेही धरलं जातं, हे कुणी सांगावं? मोजायचं ते चाकाच्या मधल्या टिकलीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत, तेही आधी आणि नंतर. आणि नवी स्प्रिंग शे-पाचशे किलोमीटरांत थोडी बसतेच. ती बसली तेव्हा ह्याने पेढे परत मागितले नाहीत, हे नशीब.

सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. एवढं करून गाडीचं पोट वर गेलं, पण मागच्या ॲक्सलच्या मधला तो डिफरन्शियलचा भोपळा? जागच्या जागी! थारचा मागचा ॲक्सल अखंड; तो चाकांना धरून राहतो, स्प्रिंगेला नाही. पाच लाखांची स्प्रिंग घाला, तो तसूभर हलत नाही. तो वर न्यायचा तर टायर मोठा घ्यायचा, आणि टायर दोन इंच मोठा घेतला तर भोपळा एकच इंच वर जातो, कारण चाकाचा निम्माच भाग खाली असतो. मग लिफ्ट, म्हणजे ही वाढवलेली उंची, कशाला? तर मोठ्या टायरला मडगार्डात जागा व्हावी आणि बांध ओलांडताना मधलं पोट टेकू नये म्हणून. त्या दोन कामांना लिफ्ट खरोखर उपयोगी पडते, कुणी खोटं म्हणू नये. पण उमापुरातला कोणता बांध कुणी गाडीने ओलांडला, हे अजून कुणाच्या पाहण्यात नाही.

पुढच्या चाकांचं तर विचारूच नका. नव्या थारचं पुढचं प्रकरण स्वतंत्र. दोन बाजूंची दोन चाकं वेगळी हलतात. तिथे उंची वाढवली की चाक आधीच खाली लोंबल्यागत राहतं, खाली जायला वाव उरत नाही. आतल्या शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आणि बूट फाटला की काळी माती आत. जिम्नीवाल्यांना पुढे-मागे अखंड ॲक्सल, त्यांची दुखणी वेगळी: उंच केली की आडव्या दांडीमुळे ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि स्टिअरिंग सोडल्यावर सरळ यायला कुरकुरतं.

आणि काळ्या मातीचं काय सांगावं! पाऊस पडला की पाणंदीत चिखलाचे गोळे चाकाला लागतात, टायरच्या खाचा लिंपून जातात आणि गुळगुळीत झालेलं चाक जागेवर गरगरतं. तिथे पकड द्यायची ती टायरने. स्प्रिंगेचा काय संबंध? राज्य सरकारने पाणंदींसाठी ‘मातोश्री’ नावाची योजना काढली, ती एखाद्या शिवेला पोचली की तिथेही मुरूम पडेल आणि मग तर ह्या उंचीला काही कारणच उरायचं नाही. ज्यांना खरोखर चिखलात लोळायचंय ते पावसाळ्यात गोव्याला रेनफॉरेस्ट चॅलेंजला जातात. २०१४ पासून भरते ती. तिथे गाड्या विंचने झाडाला बांधून ओढतात. आमच्या गावातले तिथले व्हिडिओ बघतात, चहा पीत.

पण खरी बोंब झाली ती गेल्या पावसात. कुणाला सांगू नका. एकाने लिफ्ट केली, मड टायर घातले, मागे दोरखंड-फावडं अडकवलं, आणि पाणंदीत शिरला. शंभर पावलांवर रुतला. सगळे म्हणाले, ‘आरं, फोर बाय फोरचा दांडा टाक की!’ ह्याचं तोंड पडलं. शेजारच्या चुलत्याने वाकून बघितलं आणि ओरडला, ‘आरं, ह्यात दुसरा दांडाच न्हाई! कामून केली रं एवढी वर?’ गाडी निघाली फोर बाय टू! २०२३ च्या जानेवारीत कंपनीने मागच्याच चाकांवर चालणारी स्वस्त थार काढली, त्यातली. वर्षभर हा लोकांना ‘मपली चार बाय चार हाय’ म्हणून सांगत होता. गाडी ट्रॅक्टरने काढली. त्याचा व्हिडिओ निघाला नाही असं सगळे सांगतात आणि तो सगळ्यांच्या मोबाइलवर आहे.

बाईमाणसांचे हाल वेगळेच. उंच गाडीत नऊवारी आवरून चढायचं म्हणजे डोंगर. एका घरात तर आजीसाठी मागच्या सीटजवळ लाकडी पाट ठेवलाय. पाट विसरून गाडी रांजणीच्या कार्याला गेली, तर आजी उतरायला तयार नाही. जेवणाचं ताट गाडीत.

कायद्याचं कुणी नाव काढलं तर पोरं अंगावर येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलंय. आता उंची, टायर, बंपर असे बदल एकेक मोजत गेलं की बेरीज करायला सोसायटीचा सचिव लागेल. शिवाय अपघात झाला तर विमावाला आधी गाडीखाली वाकून बघणार. ‘बीडच्या एमएच २३ ला कोण धरतंय?’ असं म्हणणाऱ्याने मात्र परवा पोलिसांची गाडी दिसताच मागच्या गल्लीतून काढली.

ताजी बातमी अशी की पाट ठेवणाऱ्या घरातलं स्थळ जमलंय. मुलीकडच्यांनी एकच अट घातली, गाडी होती तशी करा. नवरीची आजी हार्ट पेशंट आहे. संच काढून ठेवलाय, विकायचाय. स्प्रिंगा चार, लाल शॉकअप चार, बोल्ट सगळे असतीलच असं नाही. ज्याने पारावर सगळ्यात जास्त नावं ठेवली होती, त्याचा काल संध्याकाळीच फोन गेलाय, ‘शेवटची किंमत सांगा’ म्हणून. माझ्याकडून कळलं असं सांगू नका.