ट्रॅक्टर विकणे आहे

आमचा ट्रॅक्टर एकदाचा मेला असता तर घरातली निम्मी भांडणं मिटली असती. पण तो मरत नाही. बिघडतो. आणि बिघडतोही बेतानं, म्हणजे दुरुस्तीचा खर्च नव्या ट्रॅक्टरच्या हप्त्यापेक्षा हमखास कमी येईल इतपतच. कधी क्लचप्लेट, कधी नोझल, कधी रेडिएटर. दर खेपेला आबा म्हणतात, "एवढ्यासाठी कुणी ट्रॅक्टर काढतंय व्हय?" आणि दर खेपेला त्यांचं म्हणणं खरं असतं. या सगळ्या खऱ्या म्हणण्यांची बेरीज मात्र अजून कुणी मांडलेली नाही. मांडली तर तिच्यात एक नवा ट्रॅक्टर बसेल आणि मागं ट्रॉलीही लागेल, असा मला संशय आहे.

आबा म्हणजे माझे चुलते. 1994 साली त्यांनी हा 35 एचपीचा ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टरचं वय किलोमीटरवर नव्हे, तासांवर मोजतात. आमच्या ट्रॅक्टरचा तासांचा काटा मात्र कधीच थांबलाय, त्यामुळे कागदोपत्री तो अजून ऐन तारुण्यात आहे. बाकी लक्षणं सगळी म्हातारपणाची. डिझेलइतकंच इंजिन ऑइल पितो आणि निळा धूर सोडतो. लिफ्ट धरत नाही. नांगर उचलून ठेवला तर चहा संपेपर्यंत तो आपसूक जमिनीला टेकतो. तिसरा गियर हातानं दाबून धरावा लागतो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. आमचा डावा लागतो, उजवा विचार करतो. सेल्फ गेल्यापासून पावसाळा सोडला तर मुक्काम मारुतीच्या देवळाशेजारच्या उतारावर, चाकाखाली धोंडा लावून. त्या उताराच्या तोंडाशी कुणी मोटारसायकल लावली तर सगळी आळी त्याच्यावर ओरडते. पाव्हण्यांना आमच्याकडं रस्ता सांगतानाही तेवढं आवर्जून सांगितलं जातं.

माझा पुतण्या सीए करतोय. सुट्टीत आला तेव्हा त्यानं आपण होऊन हिशेब मांडला. यंत्राला दरसाल 15 टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. दोन लाखांचा ट्रॅक्टर तीस वर्षांनी साधारण दीड हजारांचा उरतो. आबांच्या शेतीला आयकरच नाही, तेव्हा हा घसारा कुणाला दाखवायचा होता कोण जाणे. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून दीड हजार काढून त्याच्या पुढ्यात ठेवले. "जा, असाच दुसरा घिऊन ये." पोरगं गप्प झालं. तसं पाहिलं तर या पद्धतीत उरलेल्याच्या पंधरा टक्क्यांनंतरही काहीतरी उरतंच, किंमत कधी शून्यावर येत नाही. हा ट्रॅक्टर आकड्यांतसुद्धा मरायला तयार नाही.

भंगाराचाही विषय निघाला. 2021 साली जुनी वाहनं मोडीत काढायचं सरकारी धोरण आलं आणि त्यानंतर गावातल्या व्हॉट्सॲपवर दहा वर्षांवरचे सगळे ट्रॅक्टर जप्त होणार, अशी आवई उठली. 2023 मध्ये सरकारला खुलासा करावा लागला की असं काही नाही; ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. आवई चारशे जणांनी पुढं पाठवली होती, खुलासा एकट्या आबांनी पाठवला. पुन्हा पुन्हा.

काकींचं मत पहिल्यापासून भंगाराच्या बाजूचं. त्याला कारण आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टर छपरात आणि म्हैस बाहेर, हे त्यांना पटत नाही. म्हैस निदान दूध देते. भंगारवालाही येऊन टायर दाबून गेला. मी मधे पडून आबांना समजावलं, की हे बिडाचं धूड काही वाया जात नाही. कोल्हापुरात शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत भट्टीत जाईल, वितळेल, आणि त्याचंच ओतकाम होऊन कुठल्यातरी नव्या ट्रॅक्टरला लागेल. आबा म्हणाले, "म्हंजे परत ट्रॅक्टरच हुणार न्हवं? मग मोडायचा कशापायी?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

नव्याबद्दलही त्यांच्या मनात अढी आहे. 50 एचपीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी 2023 पासून धुराचे कडक नियम लागले, त्यामुळे त्यांच्या इंजिनात आता इलेक्ट्रॉनिक्स शिरलंय. फिटर पान्याऐवजी लॅपटॉप घेऊन येतो हे आबांनी शेजारच्या रानात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. त्यांना हसण्यात अर्थ नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. पुढं 1910 साली त्याच किर्लोस्करांनी आमच्या आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. आमच्या भागाला यंत्र पटायला वेळ लागतो. एकदा पटलं की मग सोडायला त्याहून जास्त.

शेवटी ठरलं, विकायचा. पण विकायचा तर नावावर करून द्यायला नोंदणी चालू हवी. ती कधीच संपलेली. ती वाढवायची तर पंचवीस नंबरचा फॉर्म भरून ट्रॅक्टर आरटीओत नेऊन दाखवायचा. दाखवायचा तर उजव्या ब्रेकला विचार सोडून कामाला लागणं भाग. मग ब्रेक झाले, दिवे झाले, मागचे लाल रिफ्लेक्टर झाले. मेस्त्री म्हणाला, खोललाच आहे तर लिफ्टचं पण बघू. तेही बघितलं. थोरला दादा ट्रॅक्टर सांगलीला नेऊन, पास करून, संध्याकाळी दिवे लावून परत आला, तेव्हा आबा दारात उभे होते. "आता काय झालंय त्याला?" ते म्हणाले. "आता कशाला विकायचा?"

तरी गिऱ्हाईक सांगितलेलं होतं, ते आलं. जत भागातला तरुण शेतकरी. तो इंजिनाचा आवाज ऐकायला आला होता, पण आधी आबांनीच त्याला ऐकलं. रान कसलं, काळं का माळाचं? चालवणार कोण, तू का ड्रायव्हर? ड्रायव्हर घेतो का? कारखान्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढायला तर लावणार नाहीस? छप्पर आहे का? काकी आतून म्हणाल्या, "हितं तरी कुठं नीट हाय?" पण तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. पोरगा घाम पुसत म्हणाला, "आबा, तुमाला विकायचाय न्हवं?"

"विकायचाय की. किती देतोस?"

त्यानं आकडा सांगितला. आबांनी असा चेहरा केला की पोरग्यानं नजर फिरवली, आणि ती छपराच्या कोपऱ्यातल्या पोत्यांवर जाऊन थांबली. आबा सुटा झालेला भाग कधी टाकत नाहीत. झिजलेले गियर, तडकलेली हाउसिंगं, जुने पंप, लायनर, सगळं "लागंल कधीतरी" म्हणून पोत्यांत. त्या पोत्यांवरून काकींनी जितकं ऐकवलंय तितकं आमच्या घराण्यात दुसऱ्या कशावरूनही नाही. पोरगा पोत्यापाशी बसला, एक गियर काढला, धोतऱ्याच्या पानानं पुसला, दात मोजले. त्याच्याकडं ह्याच मॉडेलचा ट्रॅक्टर होता. ह्याच्यातलं सामान काढून तो चालू करायचा, म्हणूनच तो आला होता. "हे जुनं मला चालतंय," तो म्हणाला. "सगळी पोती द्या. मग ट्रॅक्टर कशाला मोडायचा तुमचा?"

सौदा पाच मिनिटांत झाला. पैसे मोजून घेताना आबांनी काकींकडं एकदाच पाहिलं. त्या पैशांत सेल्फ नवा आला.

पंधरवड्यानं त्या पोराचा फोन. मशिन चालू झालं होतं, फक्त तिसरा गियर टिकत नव्हता. अजून एखादं पोतं निघालं तर कळवा म्हणाला.

"निघंल की," आबा म्हणाले. "दिवाळीपत्तर दम धर."