नऊ नंबरचे वकील

नेरूळच्या आमच्या सोसायटीत मेस्सीची माणसं आहेत, रोनाल्डोची आहेत, आणि हल्ली एम्बापेचीही झाली आहेत. ही सगळी माणसं साधारण आठवी ते बारावीच्या दरम्यान आहेत. फ्रान्सच्या ऑलिव्हिए जिरूचं माणूस मात्र एकच, आणि ते पन्नाशी उलटलेलं आहे. त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर असतं तेवढंच. वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना ‘नऊ नंबर’ म्हणतात. राहतात सातव्या मजल्यावर, त्यामुळे नवा कुरियरवाला हमखास चुकतो. तो नऊ घराचा नाही, त्यांच्या अशिलाच्या पाठीवरचा आहे.

अशील हा शब्द मी जपून वापरतोय. साधा चाहता गोल झाला की उठतो. नऊ नंबर गोल हुकला की उठतात. बाकीचे डोक्याला हात लावून बसलेले असतात आणि हे युक्तिवादाला सुरुवात करतात.

मूळ गाव कोल्हापूर, शिवाजी पेठ. कोल्हापुरात पेठांची अब्रू फुटबॉलवर टांगलेली असते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की टीमच्या आधी पोलीस येतात. तिथं सोपा गोल हुकवलेल्या फॉरवर्डला घरी कुठल्या बोळातून जायचं याचाही विचार करावा लागतो. असाच एक फॉरवर्ड लहानपणी यांच्या शेजारी राहायचा, आणि मॅच हरल्यावर त्याची आई दुपारीच दार लावून घ्यायची, असं ते सांगतात. वकिलीचं मूळ तिथं असावं. मी फार खोलात शिरलो नाही, कारण शिरलं की ते वही काढतात.

वहीचं सांगायलाच हवं. नऊ नंबर तुर्भ्याच्या दाणा बाजारात एका गाळ्यावर मेहताजी आहेत. लाल कापडी बांधणीची तसलीच एक लांब वही त्यांनी घरी जिरूच्या नावानं घातली आहे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला: डिफेंडर ओढून नेला, हेडर जिंकला, बॉल धरला, फाउल काढला, कॉर्नरला मागं येऊन स्वतःच्या टीमचा गोल वाचवला. नावेला: हुकला. जमेची पानं भरून शाई मागच्या बाजूला उमटली आहे. नावेची बाजू जवळपास कोरी. तिच्यावर वहिनींनी वाणसामानाच्या याद्या लिहिल्या आहेत. एका सामन्यासमोर तर ‘हुकला – १’ आणि त्याखाली ‘हिंग, छोटी डबी’ असं मी स्वतः वाचलं आहे.

बाजारात राहून त्यांनी स्ट्रायकरचं जे शास्त्र काढलं, ते मला एकदा तुर्भे नाक्यावर चहा पिताना ऐकवलं. समोरून एक माथाडी पाठीवर पोतं घेऊन चालला होता. “जिरू गोलकडं पाठ करून हुबा असतोय, बघितलास?” नऊ नंबर म्हणाले. “का? पाठीवर पोतं हाय म्हणून. हितं बाजारात ५० किलोच्या वर पोतं उचलायचं न्हाई असा नियम हाय. तिथं नियम न्हाई. नव्वद किलोचा सेंटर बॅक पाठीला चिकटलेला, त्यात वरनं आलेला बॉल छातीवर घ्यायचा, पायात मारायचा, आन् मागनं पळत येणाऱ्या पोराच्या म्होरं ठेवायचा. पोरगं गोल मारतंय. पोस्टर पोराचं लागतंय. आरं, मग हमाली कुणी द्यायची?”

माथाडी लांब गेला होता. नऊ नंबर त्याच्याकडे ज्या मायेनं बघत होते, त्या मायेनं मी त्यांना फक्त टीव्हीकडे बघताना पाहिलं आहे.

टीव्हीचीही एक गंमत आहे. ते मॅच बघतात म्हणजे बॉल बघत नाहीत. “तू बॉल बघतोस, मी माणूस बघतो,” हे त्यांचं ब्रीद. खुर्ची पडद्याला लावून घेतात आणि जिरू जिथं जाईल तिथं बोट काचेवरून फिरवतात. रात्री पावणेएकला सुरू झालेली मॅच पहाटे संपते. सकाळी वहिनी ओलं फडकं घेऊन टीव्ही पुसायला लागतात आणि डागांकडे बघून म्हणतात, “काल लई पळाला वाटतं.” इतक्या अचूक आकडेवारीसाठी युरोपातले क्लब पैसे मोजतात.

आता या अशिलावरचे आरोप काय, तेही बघू. २०१८ च्या विश्वचषकात फ्रान्स जगज्जेता झाला आणि त्यांचा हा मुख्य स्ट्रायकर सातही सामने खेळून गोलशिवाय परतला. गोल राहू दे, त्याचा एकही फटका गोलपोस्टच्या आत जाण्याच्या दिशेनं गेला नाही. सगळे वर, बाजूला किंवा कुणाच्या तरी अंगावर. अंतिम सामन्यानंतर आमच्या क्लबहाउसात पोरं प्रोजेक्टरसमोर नाचत होती आणि जिरूच्या नावानं चिडवत होती. नऊ नंबर उभे राहिले.

“टीमनं १४ गोल मारले. जागा कुणी करून दिली?”

“बाबा, मग गोलपोस्टला पण मेडल द्या,” त्यांचा मुलगा म्हणाला. मुलगा रोनाल्डोचा. घरात दोन पक्ष असले की असं होतं.

“१९९८ ला फ्रान्सनं कप नेला तवा नऊ नंबर कोण? स्तेफान गिवार्श. गोल किती? शून्य. दोन कप, दोन नऊ नंबर, दोघांचे मिळून गोल शून्य. याला योगायोग म्हणतोस?”

पोरं गप्प झाली. हा मुद्दा खरोखर बिनतोड आहे, आणि नंतरच्या काही वर्षांत तो इतक्या वेळा ऐकावा लागला की मीही रोनाल्डोकडे झुकलो होतो.

त्यांच्या मनाला खरा लागलेला प्रसंग त्याआधीचा. मे २०१६, नांत शहर, फ्रान्स विरुद्ध कॅमेरून. जिरूनं त्या मॅचमध्ये गोल मारला होता आणि तरीही घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, कारण करीम बेन्झेमा संघात नव्हता. ‘गोल मारून शिव्या’ हा प्रकार नऊ नंबरांनी कोल्हापुरातही पाहिला नव्हता. पुढे २०२० मध्ये बेन्झेमानं स्वतःला फॉर्म्युला वनची गाडी आणि जिरूला गो-कार्ट ठरवलं. तेव्हापासून नऊ नंबरांच्या घरी, ७०३ मध्ये, बेन्झेमाचं नाव घेत नाहीत. ‘ते गृहस्थ’ म्हणतात. त्या गृहस्थांना २०२२ चा बॅलन दोर मिळाला तेव्हा घरात दोन दिवस आमटीला फोडणी नव्हती, असं मुलगा सांगतो. तो विरोधी पक्षातला, तेव्हा थोडं कमी करून घ्यावं.

माझं मत विचाराल तर नऊ नंबरांचं ऐंशी टक्के बरोबर आहे. त्यांनी ते ऐंशी टक्के आवाजात सांगितलं तर तक्रार नाही.

या माणसाचं घर डी. वाय. पाटील स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर असावं, हा योग म्हणायचा. २०१४ ला इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, सुरू झाली आणि मुंबई सिटी इथं खेळायला लागली. घरच्या पहिल्याच सामन्यात पुण्याला ५-० असं धुतलं, आंद्रे मोरित्झची हॅट्ट्रिक. स्टेडियम दणाणत होतं आणि आमचे नऊ नंबर निलंबनामुळे बाहेर असलेल्या मुंबईच्या स्ट्रायकरच्या, आनेल्काच्या काळजीत. पुढच्या वर्षी सुनील छेत्रीनं नॉर्थईस्टविरुद्ध इथंच हॅट्ट्रिक मारली. त्या रात्री परतताना मी म्हटलं, काय खेळला! त्यावर ते थंडपणे म्हणाले, “चांगला हाय की. पण त्याला माझी काय गरज?”

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचे सामने दिल्लीला गेले आणि नेरूळच्या वाट्याला तुर्कस्तान, माली, पॅराग्वे आले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या आघाडीला होता, त्यामुळे हा खटला घरचा. तीन सामन्यांत भारताचा एकच गोल, तोही कॉर्नरवर जिक्सन सिंगनं डोक्यानं मारलेला, आणि जिक्सन मिडफिल्डर. “फॉरवर्ड काय करत होते?” असं कुणीतरी लिफ्टमध्ये म्हणालं. लिफ्ट तळमजल्याला पोचली तरी नऊ नंबरांनी दार उघडू दिलं नाही.

पण मला ते आवडायला लागले २०२२ च्या जानेवारीत. महिलांचा आशियाई चषक, २० तारीख, भारत विरुद्ध इराण, डी. वाय. पाटीलवर. कोविडमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. नऊ नंबर गच्चीवर मोबाइल घेऊन बसले होते. मोबाइलवर मॅच, आणि समोर त्याच मॅचचे खरे फ्लडलाइट. मोबाइलवरचा खेळ थोडा उशिरा येत होता, आणि मैदानातून आवाज येणार नव्हता कारण ओरडायला कुणी नव्हतंच. भारताच्या पोरींनी संधीमागून संधी निर्माण केली, इराणच्या गोलकीपरनं अडवली, ०-० सुटली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर एकानं लिहिलं की या पोरींना गोलपोस्ट दाखवायला गाइड लागेल. तीन दिवसांनी कळलं की संघात कोविड इतका पसरलाय की चिनी तैपेईविरुद्ध उभं करायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत. भारत स्वतःच्या घरी, एक बरोबरी खेळून, स्पर्धेबाहेर गेला. नऊ नंबरांनी त्या दिवशी वादविवाद केला नाही. गाइडवाल्याच्या दारात गेले, बेल वाजवली आणि म्हणाले, “आता हुकल्या न्हाईत. बास?” आणि वर आले.

त्याच वर्षाच्या शेवटी मात्र त्यांच्यावर संकट कोसळलं. जिरू जिंकायला लागला. ४ डिसेंबरला पोलंडविरुद्ध त्यानं फ्रान्ससाठी ५२ वा गोल मारला आणि तिएरी आँरीचा विक्रम मोडला. फ्रान्सच्या पुरुष संघाच्या तोवरच्या इतिहासात सर्वांत जास्त गोल, आणि ते या हमालाच्या नावावर! ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश आले. रोनाल्डोवाल्या पोरांनी ‘काका, तुम्ही बरोबर होता’ असं लिहिलं. नऊ नंबर जिन्यात भेटले तर चेहरा उतरलेला. पुढच्या आठवड्यात इंग्लंडविरुद्ध विजयी हेडरही मारला. आता ज्याला त्याला जिरू आवडायला लागला. मुलगा तर म्हणाला, “बाबा, जिरू भारी आहे.” यावर, खोटं वाटेल, पण त्यांनी त्याला जिरूच्या दोन चुका दाखवल्या.

तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की या प्रेमाला खाद्य अन्यायाचं लागतं. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध मध्यंतरही होऊ न देता, ४१ व्या मिनिटाला जिरूला बाहेर काढलं, तेव्हा क्लबहाउसात एकाच माणसाच्या चेहऱ्यावर तेज आलं. वही पुन्हा बाहेर निघाली. पुढं २०२३ मध्ये जिरूच्या क्लबचा, मिलानचा गोलकीपर जेनोआविरुद्ध अगदी शेवटी लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, बदली खेळाडू संपले होते, म्हणून जिरू हातमोजे घालून गोलमध्ये उभा राहिला आणि धावत आलेल्या स्ट्रायकरच्या पायातला बॉल त्यानं झडप घालून काढला. मिलान १-० जिंकलं. सगळं जग हसून कौतुक करत होतं. नऊ नंबर पहाटे मला विचारायला आले, की स्ट्रायकरनं दुसऱ्या स्ट्रायकरचा गोल वाचवला, तर ते जमेला धरायचं का नावे? समोरचाही कुणाचा तरी नऊ नंबर होता ना.

युरो २०२४ नंतर जिरूनं फ्रान्सचा निरोप घेतला, ५७ गोलांवर. खटला निकाली. सध्या त्यांच्याकडे मनवीर सिंगचं काम आहे. आयएसएलमध्ये क्लब मधल्या जागी परदेशी स्ट्रायकर उभा करतात, आपल्या पोरांना कडेला पाठवतात. मनवीर मोहन बागानसाठी उजव्या कडेनं धावतो आणि देशासाठी मध्ये उभा राहिला की लोक विचारतात गोल कुठं आहे. “वरीसभर गड्याला तूर निवडायला बसवायचं, आन् दिवाळीला म्हणायचं गहू का न्हाई निवडलास?” यात मात्र मी शंभर टक्के त्यांच्या बाजूचा आहे.

हे सगळं ते ग्रुपवर रात्री अडीच वाजता लिहायचे. शेवटी सेक्रेटरींनी फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय केली. दोघांचं बोलणं बंद झालं. आणि गेल्या वार्षिक सभेत टँकरच्या बिलावरून सगळी सभा त्याच सेक्रेटरींवर तुटून पडली. पाणी का नाही, पैसे गेले कुठं, राजीनामा द्या. सेक्रेटरी एकटे, घाम पुसत. आणि मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“उन्हाळाभर महापालिकेच्या हापिसात कोण बसत होतं? तुमी पाणी बघताय, मी माणूस बघतो!”

सेक्रेटरींनी हात जोडले. “नऊ नंबर, पाया पडतो, बसा खाली. तुम्ही माझी बाजू घेतली की या सगळ्यांची खात्री पटते, मी गोल मारलेला नाही.”

पण उशीर झाला होता. सभेचा मोर्चा नऊ नंबरांकडे वळला. हे कोण मधे बोलणारे, यांचा फुटबॉल इथं कशाला, रात्रीचा टीव्हीचा आवाज केवढा. ए विंग ओरडत होती, बी विंग उभी राहून ओरडत होती. या गदारोळात खजिनदारांनी बिलाचा ठराव वाचला, कुणीतरी अनुमोदन दिलं, आणि तो मंजूर झाला. बाहेर पडताना लोक सेक्रेटरींच्या पाठीवर थाप मारत होते.

नऊ नंबर माझ्याजवळ आले. शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं.

“बघितलास?” ते म्हणाले. “दोन्ही विंगा ओढून नेल्या, मर्दा!”